मुखवट्याला नाव विचारू नये

१

शनिवारी दुपारी पावणेचारला, वॉटफर्डच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, एका लाकडी तोंडानं चंद्रशेखरला खरं सांगितलं. गुन्हा म्हणाल तर एवढाच. चोरी नाही, खून नाही. पण रविवारी सकाळी चंद्रशेखर माझ्या दारात उभा राहिला तो असा, की जणू खून झालेला माणूस स्वतःच चालत तक्रार नोंदवायला आलाय.

"स्वानंद, दार लाव. सुनेत्राला सांगितलंय दूध आणायला चाललोय."

"मग आधी दूध आण. बायकोशी खोटं बोलावं ते पुराव्यासकट."

तो हसला नाही. माझ्या विनोदाला न हसणारे लोक मी तीस वर्षं वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरून पाहिले आहेत, पण हे न हसणं वेगळं होतं.

चंद्रशेखर शहात्तर वर्षांचा. एकतीस वर्षं त्यानं या गावात ड्रायव्हिंग शिकवलं. राउंडअबाउटमध्ये शिरायचं कसं हे इथल्या निम्म्या मराठी माणसांना त्यानं शिकवलं, आणि बाहेर पडायचं कसं हेही. मी त्याचा एकमेव कायमचा नापास विद्यार्थी. पाच परीक्षा, पाच परीक्षक, निकाल एकमुखी.

आदल्या दिवशी हॉलचं बुकिंग चुकून दोघांना मिळालं होतं: आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आणि गुद्रुनबाईंच्या जर्मन मंडळाच्या कार्निव्हलला. संक्रांत होऊन तीन आठवडे झाले होते, पण इथे सण तिथीला येत नाही, हॉल मिळेल त्या शनिवारी येतो. दोन्ही बाजू सुसंस्कृत, म्हणून भांडण दाबून एकत्र कार्यक्रम झाला. एका कोपऱ्यात तिळगूळ, दुसऱ्यात जॅमचे डोनट, आणि मधून लाकडात कोरलेले चार मुखवटे फिरत होते. हीटिंग बंद पडलेलं, त्यामुळे सगळ्या पैठण्या ओव्हरकोटाच्या आत. मी किचनमध्ये एकटा चहाच्या भांड्यावर नेमलेला. तिथल्या खिडकीतून अर्धा हॉल दिसत होता, आणि नेमकं हे प्रकरण उरलेल्या अर्ध्यात घडलं.

"एकच दात असलेला मुखवटा," चंद्रशेखर म्हणाला. "हसरी म्हातारी. पायघोळ चिंध्यांचा झगा, हातात पांढरे मोजे. माझ्यासमोर आला, कपाळाला कपाळ लावलं, आणि चिरक्या आवाजात मराठीत बोलला."

"मराठीत?"

"अस्सल. म्हणाला, 'एकवीस तारखेला तू स्लाऊच्या कार पार्कमध्ये तीन तास बसला होतास. घरचा रस्ता विसरलास. किल्ल्या ठेवून दे, नाहीतर कुणाचा तरी जीव घेशील.' आणि गेला."

मी चहा ओतत होतो. तो थोडा बशीत गेला.

"खरं आहे?"

त्यानं खिडकीबाहेर बघत मान हलवली. "भाजी घ्यायला गेलो होतो. रॅम्पवरून खाली आलो आणि डावीकडे की उजवीकडे, काही कळेना. चाळीस वर्षांचा रस्ता. परत वर गेलो, गाडी लावली, बसून राहिलो. मग तीन तासांनी डोकं उघडलं. कुणी आतून सांगावं तसं येत गेलं बघ. आता डावीकडे, आता दुसरं वळण. घरी आलो."

"सॅटनॅव्हला का नाही रस्ता विचारलास?"

"ज्याला रस्ता पाठ नाही त्यानं गाडी चालवू नये," तो सवयीनं म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. गाडीत मी एकटा होतो. आणि तो मुखवटा मला तू म्हणाला, स्वानंद. या देशात मला तू म्हणणारा एकटा तूच उरलायस. पहिला संशय तुझ्यावरच होता, पण एवढी अक्कल तुझ्यात नाही."

मी आभार मानले.

"मला तो माणूस शोधून दे," तो म्हणाला. "मी तिथे तीन तास बसलो होतो, आणि जो लांबून बघत राहिला, हात द्यायला आला नाही, त्याचं तोंड मला बघायचंय. नाव सांग, त्या क्षणी किल्ल्या तुझ्या हातात देतो. आईशपथ. पण नाव कळल्याशिवाय नाही. बुधवारी, अठराला, सुनेत्राला डोळ्यांच्या इंजेक्शनला न्यायचंय. मी नाही तर कोण नेणार? तू?"

दहा दिवस होते. आणि हा मधल्या काळात रोज गाडी काढणार होता.

२

गुद्रुनबाई ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका खेड्यातून लग्न करून इथे आल्या, तेव्हा नवऱ्याबरोबर चार मुखवटेही आणले. नवरा गेला, मुखवटे आहेत. शाळेत हस्तकला शिकवायच्या. त्यांच्या घरात सगळं काटकोनात असतं, कुत्रासुद्धा.

"मुखवट्याला नाव विचारायचं नसतं," त्यांनी मला दारातच सांगितलं. मग कॉफी दिली.

मी म्हणालो, आमच्याकडे मुखवटा नसला तरी लोक दुसऱ्याचं खरं सांगतात, फक्त तो माणूस खोलीबाहेर गेल्यावर.

"आमच्याकडे तोंडावर सांगतात, म्हणून तोंड लाकडाचं लागतं." बाई एरवी कमी बोलतात, पण कार्निव्हल म्हटलं की त्यांना अडवणं अशक्य. "चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आत घरातलं लोणी, चरबी, अंडी संपवायची. आणि वर्षभर पोटात साठलेलं खरंही. सहा जानेवारीला मुखवटे माळ्यावरून काढायचे, धूळ झटकायची. उपासाच्या पहिल्या दिवशी, ॲश वेन्सडेला, परत पेटीत. त्या मधल्या दिवसांत मुखवटा कुणाच्याही समोर उभा राहू शकतो, मेयर असो की पाद्री. आवाज बदलायचा. सगळ्यांना 'तू' म्हणायचं. आणि त्याची वर्षभराची चूक त्याला सांगायची. आम्ही याला विंचरणं म्हणतो."

"गुंता काढतात म्हणून?"

"हो. आणि दुखतं म्हणून. ज्याला विंचरलं त्यानं रागवायचं नाही, कोण होतं ते विचारायचं नाही."

म्हणजे 'तू'वरचा तर्क निकालात. तो उद्धटपणा नव्हता, रिवाज होता.

"ऱ्हाइनकाठीही असंच?" मी विचारलं. ही चूक झाली.

"ते लोक!" बाईंनी कप खाली ठेवला. "फौजेची टवाळी म्हणून गणवेश घालतात, छातीवर बिल्ले लावतात, गाड्यांवरून चॉकलेटं फेकतात. अकरा जणांची समिती नेमतात. दहा आज्ञांपेक्षा एक जास्त, बारा शिष्यांपेक्षा एक कमी, म्हणून अकरा हा मूर्खांचा आकडा."

आमच्या मंडळाच्या समितीत किती जण आहेत ते मी मनात मोजलं आणि विषय बदलला.

"चार मुखवटे कुणाकुणाला दिले होते?"

"दोन आमच्या कॉयरमधल्या गृहस्थांना. त्यांना तुमच्या भाषेतला एक शब्द येत नाही, एवढं सांगते, म्हणजे त्यांना त्रास देऊ नका. बाकी दोन नावं मी सांगणार नाही."

मी कोट चढवला. दारात त्या म्हणाल्या, "एक दात असलेला मुखवटा माझ्याकडे दोन आठवडे आधीच मागितला गेला होता. रडत."

"मागणारा पुरुष की बाई?"

"द पर्सन," गुद्रुनबाई म्हणाल्या, आणि दार काटकोनात बंद झालं.

३

मराठी बोलणारं, एकवीस तारखेला स्लाऊकडे असू शकणारं आणि चंद्रशेखरच्या गाडी चालवण्याची काळजी असलेलं माणूस. मला तीन नावं सुचली.

पहिला शार्दूल. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, स्लाऊच्या कुठल्याशा बिझनेस पार्कमध्ये जातो, चंद्रशेखरच्या शेजारी राहतो आणि त्याच्याचकडून गाडी शिकतो. मी त्याला एक प्रश्न विचारला आणि तो कोसळला.

"काका, सॉरी! मीच होतो!"

"तू?"

"घंटावाला मुखवटा. आसावरीताईंना जाऊन सांगितलं की सकाळी सहाला ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवू नका, लोक झोपलेले असतात. त्यांनी ओळखलं का मला?"

"घंटावाला? एक दातवाला नाही?"

"नाही हो. ती म्हातारी मला धडकली पण. बिचारीला बहुतेक मुखवट्यातून काही दिसत नव्हतं. समोशांचं टेबल पाडता पाडता राहिली."

"किती वाजता?"

"चारच्या आधी. काका, प्लीज, आसावरीताईंना नका सांगू. त्या मला ग्रुपमधून काढतील." मग थोडं थांबून, "की सांगताच?"

दुसरी आसावरी, मंडळाची सेक्रेटरी. कुणाच्या घरी काय शिजलं हे तिला त्या घरच्या लोकांच्या आधी कळतं. तिनं मला दारात उभं करूनच ऐकवायला सुरुवात केली.

"अहो, त्या घंटावाल्या मेल्यानं माझा अपमान केला! मी दरवाजाजवळ फोटो काढत होते. कुंकू लावून आलेल्या प्रत्येकीचा एक फोटो. तर हा मध्ये तोंड घालून उभा. बघा, आलाय पण फोटोत."

फोन तिनं माझ्या नाकासमोर धरला. घंटावाला मुखवटा, वेळ तीन शेहेचाळीस. फोटो आसावरीनं काढलेला. एका फोटोनं दोघं सुटले: चंद्रशेखरला विंचरलं गेलं त्या मिनिटाला शार्दूल कॅमेऱ्यासमोर होता आणि आसावरी कॅमेऱ्यामागे.

"आणि एक दातवाला मुखवटा? तो कोण होता?"

इथे एक चमत्कार झाला. आसावरी म्हणाली, "मला काय माहीत?"

ओळख झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

४

तिसरी वरदा, चंद्रशेखरची मुलगी. इथेच जन्मलेली, स्लाऊला फार्मसिस्ट. बापानं गाडी सोडावी म्हणून वर्षभर मागे लागलेली. हेतू तिच्याकडे होता, गाव तिचं होतं, आणि एकवीस तारखेला ती आईबरोबर होती, असं चंद्रशेखर म्हणाला होता. म्हणजे तसं थेट नाही. त्याच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर एकवीसच्या चौकोनात 'डोळे' असं लिहिलेलं मी पाहिलं आणि विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी वरदानं नेलं असणार तिला. मी तर एकटा होतो."

मी वरदाला फोन केला.

"अंकल, सॅटर्डेला मी शॉपमध्ये होते, टिल फोर. मग आले. हॉलमध्ये पोचले तेव्हा सगळे चेअर्स फोल्ड होत होते. का? बाबाला काय झालं?"

"काही नाही. आईच्या डोळ्यांचं विचारत होतो. गेल्या महिन्यात तू नेलं होतंस ना?"

"मी? नो. मी नाही नेत कधी. बाबाच नेतो. प्रत्येक टाइम. मी म्हणाले होते मी सुट्टी काढते, तर तो म्हणाला, 'माझी बायको, मी नेणार.' यू नो हिम."

"हे क्लिनिक कुठे आहे?"

"स्लाऊला. माझ्या घराजवळ. का अंकल?"

मी काहीतरी थाप मारली आणि फोन ठेवला.

शार्दूल नाही. आसावरी नाही. वरदा नाही. कॉयरच्या गृहस्थांना मराठी येत नाही. म्हणजे त्या लाकडी तोंडाच्या मागे कुणीच नव्हतं. निदान ज्याच्यावर संशय घ्यावा असं कुणी नव्हतं, आणि रहस्यकथेत याचा अर्थ एकच होतो. तो मला नको होता.

मी दोन दिवस तपास बंद ठेवला. त्या दोन दिवसांत चंद्रशेखर तीनदा गाडी घेऊन गेला. एकदा पेट्रोल भरायला म्हणून निघाला आणि पेट्रोल न भरता परत आला.

५

सुनेत्रावहिनींना भक्कम साक्ष होती. ती साक्ष मीच होतो.

दुपारी दोनपासून पाचपर्यंत त्या हळदीकुंकवाच्या टेबलामागे बसल्या होत्या, हे मी किचनच्या खिडकीतून पाहत होतो. राखाडी शाल, लोकरीची टोपी कपाळापर्यंत, डोळ्यांच्या त्रासामुळे काळा चष्मा. मी सहजच त्यांच्याकडे हात हलवला तर त्यांनीही हलवला होता, साधारण पावणेचारला. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं.

सोमवारी मी मंडळाच्या ग्रुपवरचे आसावरीचे फोटो उघडले. एरवी ते कुणी उघडत नाही. तेवीस बायका, तेवीस फोटो, प्रत्येकीचं कपाळ अगदी जवळून.

पहिल्या काहींचं कुंकू वाकडं होतं. एकीचं भुवईवर, एकीचं जवळजवळ भांगात, एकीला दोनदा प्रयत्न केलेला दिसत होता. स्वाभाविक होतं, समोरचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसणाऱ्या बाईनं ते लावलं होतं. तीन पस्तीसपासून मात्र कुंकू सुधारलं. नुसतं सुधारलं नाही, कंपासनं काढल्यासारखं झालं: दोन्ही भुवयांच्या बरोबर मध्ये, गोल, सगळ्यांचं एकाच मापाचं. तीन पंचावन्नच्या पुढे पुन्हा वाकडं.

वीस मिनिटं त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं होतं. शाल तीच, टोपी तीच, चष्मा तोच. हात हस्तकला शिकवणाऱ्या बाईचा.

पण कुंकू लावून घेणारी बाई समोर वाकते. हातभर अंतरावर चेहरा असतो. समोर गुद्रुनबाई बसल्यात हे त्या बायकांना दिसलं नसेल? दिसलंच असणार. म्हणजे कमीत कमी आठ-दहा जणींना माहीत होतं, आणि तिथून तेवीसच्या तेवीस जणींना. आणि आज नऊ दिवस झाले तरी मंडळात एक शब्द फुटला नव्हता. बायकांच्या पोटात काही राहत नाही या विषयावर मी आयुष्यात निदान चाळीस लेख लिहिले असतील. ते सगळे त्या दुपारी एकदमच रद्द झाले.

राहिला एक प्रश्न. वहिनींना कार पार्कचं कळलं कसं?

उत्तर फोटोंत नव्हतं. ते माझ्या स्वतःच्या डोळ्यांत होतं. मीही दरवर्षी तपासायला जातो, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात, आणि मग किती वेळ पाटी वाचता येत नाही ते मला माहीत आहे.

तीन तास. फार तर चार.

६

मंगळवारी सकाळी चंद्रशेखर न्हाव्याकडे गेला, चालत. मी त्याच्या घरी गेलो.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "चहा टाकते."

"वहिनी, एकवीस तारखेला तुम्ही गाडीत होतात."

त्यांनी गॅस बंद केला. त्यांनी नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही, आणि मला ते फार लागलं. जमवलेले सगळे पुरावे खिशातच राहिले.

"क्लिनिकमधून निघालो," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांत थेंब. सगळं दुधात बुडवल्यासारखं. ते रॅम्पवरून खाली आले आणि थांबले. मागून हॉर्न. मला म्हणाले, 'सुनेत्रा, पाटी वाच गं.' मला पाटी कुठे दिसतेय? पाटी आहे हेच दिसेना. मग वळवून परत वर गेलो."

"आणि तीन तास?"

"त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. एकदा विचारलं, 'आपण कुठे चाललोय?' मी म्हटलं, घरी. म्हणाले, बरं. मग अंधारायला लागलं आणि मला पाट्यांवरची मोठी अक्षरं दिसायला लागली. मी वाचत गेले, ते वळवत गेले. डावीकडे. आता दुसरं वळण."

बाहेर कुणीतरी कचऱ्याचा बिन ओढत नेत होतं.

"वरदाला फोन का नाही केला?"

"मुलीसमोर? एकतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांना गाडी शिकवली, त्यांना?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मीच बोलले त्यांच्याशी. दोनदा बोलले. ऐकून घेतलं, चिडले, आणि संध्याकाळी सगळं पुसलेलं. म्हणाले, 'काल मी एकटाच स्लाऊला जाऊन आलो.' तेव्हा कळलं, की ते कार पार्क विसरलेले नाहीत. मला विसरलेत."

त्यांनी गॅसवरचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"गुद्रुननं तिच्या गावची रीत सांगितली. मला वाटलं, माझं सांगणं राहत नाही डोक्यात, लाकडाचं राहील. राहिलं पण. कोण होतं, कोण होतं, हेच चाललंय रोज." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांना तू म्हटलं, भाऊजी."

"नाव सांगितलं तर किल्ल्या देईन म्हणतो."

"माहीत आहे. पण माझं नाव सांगितलंत तर पहिला प्रश्न काय विचारतील? 'तुला कसं कळलं?' मग काय सांगू? की मी तुमच्या शेजारी बसले होते?"

नाव सांगावं तर तो कोसळणार. न सांगावं तर उद्या सकाळी नऊला तो तिला घेऊन मोटरवेवर जाणार. फाटकात चंद्रशेखरच्या चपला वाजल्या. न्हाव्याकडे न जाताच परत आला होता.

७

"काय रे, सापडला का?" तो मला बाहेरच्या खोलीत ओढत म्हणाला. वहिनी आतच राहिल्या.

"सापडला."

"कोण?"

"मी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. शिकवताना क्लच लवकर सोडला की बघायचा तसं.

"दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो स्लाऊला, बसनं," मी म्हणालो. "तुझी गाडी दिसली. तू आत बसलेला. मला वाटलं, नको जायला, तुला लाज वाटेल. मग गुद्रुनबाईंकडून मुखवटा मागितला. 'मला तू म्हणणारा एकटा तूच,' असं तू स्वतःच म्हणाला होतास ना? बरोबर होतं तुझं."

"किचनमध्ये होतास तू."

"एकटा होतो. कुणी बघितलं मला?"

त्यानं ते तपासून पाहिलं. तर्क बसत होता. मी आयुष्यभर खऱ्याची थट्टा केली, पण एवढं व्यवस्थित खोटं कधी बोललो नव्हतो.

"आणि हे दहा दिवस माझ्याबरोबर शोधाशोध केलीस?"

"हो."

"मला एकट्याला तिथे बघून निघून गेलास?"

"हो."

चंद्रशेखर शब्दाला पक्का. खिशातून किल्ल्या काढल्या, माझ्या तळहातावर ठेवल्या, आणि म्हणाला, "आता चालायला लाग. या घरात परत पाऊल टाकू नकोस." मी गेलो. किल्ल्या संध्याकाळी वरदाला दिल्या.

बुधवारी तिनं सुट्टी काढली. मी समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. वहिनी मागे बसल्या. चंद्रशेखर क्षणभर उजव्या दाराशी थबकला, मग वळसा घालून डावीकडे बसला, एकतीस वर्षांच्या आपल्या जागी, आणि खिडकीची काच खाली असल्यामुळे मला ऐकू आलं, "मिरर, वरदा. मिरर." त्यानं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी गाडी वरदाच्या दारात राहिली, आणि डॉक्टरांची तारीखही तिनंच घेतली. प्रकरण मिटलं.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. चंद्रशेखर.

"स्वानंद," दबक्या आवाजात, "सुनेत्रा आंघोळीला गेलीय म्हणून करतोय. अरे, त्या मुखवट्याचं काय झालं? लागला का पत्ता?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"आणि माझी गाडी कुठाय रे? किल्ल्या पण सापडत नाहीत."

नाही लागला म्हणावं, तर करार उभाच. तो शार्दूलला घेऊन गाडी शोधायला निघाला असता. म्हणून मी पुन्हा सांगितलं. दाताचा डॉक्टर, बस, मुखवटा, मी. तो पुन्हा तितकाच हादरला, तितकाच चिडला, पुन्हा तेच म्हणाला, या घरात पाऊल टाकू नकोस, आणि फोन आपटला. रविवारी मला जेवायला बोलावलं.

आजवर सहा वेळा कबुली दिली आहे. आमची मैत्री सहा वेळा तुटली. वहिनी म्हणतात, "भाऊजी, पुरे आता," पण दुसरं काय करायचं ते त्यांनाही सुचत नाही आणि मलाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या कशासाठी आहेत, हे तो मला विचारतो.

काल सातव्यांदा फोन आला. मी सगळं नेहमीच्या क्रमानं सांगितलं आणि आरडाओरड्याची वाट पाहत थांबलो. तो ओरडला नाही.

"तू होतास तिथे?" तो म्हणाला. "तीन तास?"

"हो."

"मग शेजारी येऊन बसायचंस की रे. मला एकट्याला फार भीती वाटत होती."

तिकडे मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही गं," तो म्हणाला, आणि त्यानं हळूच फोन ठेवला.